तीन प्रोजेक्ट, एक आलेख : टेस्टच्या तब्येतीवर नजर ठेवायला किती खर्च येतो?

विरारच्या चंदनसारमध्ये एखाद्या गाळ्यात किंवा फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून चार-पाच जणांची टीम ग्राहकाचं अॅप, वेबसाइट आणि मागचा सर्व्हर असे तीन प्रोजेक्ट सांभाळत असेल, तर टेस्ट रोज चालतच असतात. पण गेल्या तीन महिन्यांत त्यांची तब्येत सुधारली की बिघडली, याचं धड उत्तर सहसा कुणाकडे नसतं. ते दाखवणाऱ्या आलेखासाठी टूलवर पैसे घालायची गरज नाही. खरे पैसे जातात ते जुने निकाल जपण्यात आणि माणसाच्या वेळेत.

टेस्ट चालवणारं जेन्किन्स, निकाल मांडणारं अॅल्युअर रिपोर्ट, आलेख काढणारं ग्राफाना, डेटाबेससाठी पोस्टग्रेस हे सगळं फुकट आणि ओपन सोर्स आहे. एकाच प्रोजेक्टचा ट्रेंड हवा असेल तर अॅल्युअर पुरतं. तिन्ही एकाखाली एक पाहायचे असतील तर निकाल पोस्टग्रेसमध्ये भरून त्यावर ग्राफाना लावा. बहुतेक टेस्ट टूल जेयूनिटच्या एक्सएमएल साच्यात निकाल देतात, त्यामुळे भरणारी स्क्रिप्ट एकदाच लिहावी लागते.

क्लाउडच्या फुकट योजना घेताना मुदत नीट वाचा. ग्राफाना क्लाउडच्या फुकट योजनेत डेटा १४ दिवसच राहतो. तिमाहीचा ट्रेंड त्यात दिसणार कसा? गिटहब अॅक्शन्सच्या फायली, सेटिंग बदललं नाही तर, ९० दिवसांनी जातात. सगळ्या खासगी रेपोंना मिळून तिथे महिन्याला २,००० मिनिटं फुकट मिळतात. हिशेब करून बघा: ३ प्रोजेक्ट, रोज प्रत्येकी ५ रन, रनला ६ मिनिटं, २२ दिवस, झाली १,९८० मिनिटं. कोटा जवळपास तिथेच संपला. आयफोन अॅपच्या टेस्ट मॅकवर चालवल्या तर मिनिटं कित्येक पटींनी मोजली जातात.

त्यामुळे माझं मत ऑफिसातल्या छोट्या मशीनच्या बाजूनं आहे. २० वॅटचा मिनी पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला १४.४ युनिट खातो. युनिटला १० रुपये धरले तरी १४४ रुपये. यूपीएस मात्र घ्याच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होतं हे विसरू नका. मशीन तळमजल्याच्या गाळ्यात जमिनीवर ठेवू नका आणि डेटाबेसची एक प्रत रोज बाहेर कुठेतरी जाऊ द्या.

आता माणसाचा वेळ. महिना ४०,००० पगार, १७६ तास धरले तर तासाला साधारण २२७ रुपये पडतात. मांडणीला ३ दिवस लागले, तर साडेपाच हजारांच्या आत काम होतं. उलट बाजूही मोजा. कोड तोच असून कधी पास, कधी फेल होणाऱ्या फ्लेकी टेस्ट आठवड्याला १० वेळा प्रत्येकी १५ मिनिटं खात असतील, तर महिन्याला १० तास, म्हणजे सव्वादोन हजार रुपये गेले. गूगलनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा लहरीपणा असतो. तेव्हा आपल्याकडे तो नाही असं गृहीत धरू नका.

सगळ्यांचा मिळून एकच टक्का मात्र कधीही काढू नका. सर्व्हरच्या १,००० टेस्टपैकी १० फेल, अॅपच्या ४० पैकी १० फेल. एकत्र ९८ टक्के पास दिसतात आणि अॅप ७५ टक्क्यांवर आल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी रेघ हवी. शेजारी स्किप केलेल्या टेस्टचा आकडाही ठेवा, कारण नको त्या टेस्ट वगळूनही शंभर टक्के गाठता येतात. तिन्हींत वापरलेली लायब्ररी बदलली त्या दिवशी आलेखावर उभी खूण करा. दोन रेघा एकदम पडल्या तर आधी तिथे बघायचं.

बाहेरच्या कन्सल्टंटकडून करून घेत असाल तर कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का, डेटाबेस आणि स्क्रिप्टची मालकी कुणाची, आणि काम संपल्यावर पासवर्ड कुणाकडे राहणार, हे तिन्ही मुद्दे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.