वरचे तीळ काढले म्हणजे झालं?

लंडनच्या हॅरोत घरच्याच माणसांनी चालवलेली, मोजक्या टेबलांची जेवणाची ठिकाणं पुष्कळ. मालक नावानं ओळखतो, चहात साखर किती हे त्याला सांगावं लागत नाही. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांपेक्षा मला आजही हीच आवडतात. पण सोबत अ‍ॅलर्जी असलेलं कुणी असेल, तर या आपलेपणाला थोडं बाजूला ठेवावं लागतं.

आमच्यातल्या एका मैत्रिणीला तिळाची अ‍ॅलर्जी. तिनं ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, "भाई, तीळ अजिबात नकोत हं." "चिंता ना करो, बेन." खांडवी आली ती तीळ-मोहरीच्या फोडणीसकट. तिनं परत पाठवली. थोड्या वेळात आली. वरून ताजी कोथिंबीर, तीळ कुठे दिसत नव्हते. तिनं घास घेतला आणि ओठ सुजायला लागले. नंतर कळलं, खांडवी तीच होती, चमच्यानं तीळ तेवढे बाजूला केलेले! फोडणीचं तेल तसंच. नशीब, पर्समध्ये अ‍ॅड्रेनलिनचं पेन होतं. ते मांडीत टोचलं, 999 ला फोन केला, आणि रात्र नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात गेली. ती बरी आहे.

वाढणारा मुलगा काही दुष्ट नव्हता. आवडनिवड, उपास आणि अ‍ॅलर्जी आपण सगळं एकाच लाजऱ्या सुरात सांगतो. त्यानं ती आवडनिवड समजली. म्हणून आता आम्ही टेबल राखतानाच फोनवर स्पष्ट सांगतो: अ‍ॅलर्जी आहे, जिवावर बेतू शकतं, स्वयंपाक करणाऱ्याला विचारून सांगा. चुकीचा पदार्थ आला तर नवा करून मागायचा, आणि जुनी बशी टेबलावरच ठेवून घ्यायची, म्हणजे तीच साफसूफ होऊन परत येत नाही.

ब्रिटनच्या कायद्यात 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थ आहेत, आणि ते कशात आहेत हे सांगणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे. आपल्या जेवणाच्या दृष्टीनं ही यादी फार जवळची आहे: तीळ, शेंगदाणे, मोहरी, दूध, काजू-बदाम, गहू. मोहरीशिवाय फोडणी कुठली? बाजारी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे "यात गहू नाही" हे उत्तर डबा बघूनच द्यायला हवं. दारावरच्या स्वच्छता-मानांकनातल्या 5 या आकड्यावर विसंबू नका. अ‍ॅलर्जीची माहिती बरोबर मिळेल याची ती हमी नव्हे.

सोबतच्यांनीही पेन कुठल्या खिशात आहे आणि कसं टोचायचं हे आधी विचारून ठेवावं. टोचल्यावर माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे; श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. पेन दोन बाळगावीत, कारण पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं लागतं. बरं वाटलं तरी हॉस्पिटल टाळू नये. त्रास काही तासांनी उलटू शकतो.

आणि राग बिलावर काढू नका. सेवाशुल्क ऐच्छिक असेल तर ते वगळायला सांगता येतं, पण ऑक्टोबर 2024 पासून ते पैसे कायद्यानं कामगारांनाच द्यावे लागतात. तक्रार हॅरो कौन्सिलच्या अन्नसुरक्षेच्या लोकांकडे करा. ओळखीच्या माणसाविरुद्ध लिहायला हात धजत नाही, हे मान्य, तरी लिहा.