नांगरटीत सापडणारी टिटवीची अंडी

भिलाईची पोलाद वसाहत मागे टाकून पाटण वा धमध्याच्या शिवारात शिरले की मे महिन्यात उघड्या पडलेल्या भाटा जमिनी दिसतात. या मुरमाड, तांबूस जमिनीत टिटवी अंडी घालते. घरटे म्हणजे एक उथळ खळगा व त्याभोवती खड्यांची कड. ठिपकेदार अंडी बहुधा चार असतात आणि खड्यांत इतकी मिसळून जातात की ट्रॅक्टरचालकास ती दिसत नाहीत. पक्ष्याचा आक्रोश मात्र ऐकू येतो. तो अशुभ मानून दगड भिरकावण्याची रीत अनेक गावांत आहे. वस्तुतः घरटे जवळ असल्याची ती खूण होय.

टिटवीची वीण साधारणतः मार्च ते ऑगस्ट या काळात होते आणि अंडी उबण्यास 28 ते 30 दिवस लागतात. उन्हाळी नांगरट व खुर्रा पेरणी नेमकी याच काळात येते. अंडी आढळल्यास ती उचलून बांधावर ठेवू नयेत. हलविलेल्या अंड्यांकडे पक्षी परतेलच असे नाही. चार काठ्या रोवून दोन-तीन मीटरचा तुकडा तसाच सोडावा आणि तेथून त्वरित दूर व्हावे. पारा 44 अंशांवर असताना नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसे भिजवून आणून त्यांना गारवा देतात. बघ्यांच्या गर्दीमुळे पक्षी दूर राहिला, तर उन्हानेच अंडी नासतात.

टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच काही तासांत चालू लागतात. धोका दिसताच ती जमिनीला चिकटून निश्चल बसतात. असे पिल्लू पोरके समजून घरी नेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. यंत्र येत असेल तरच त्याला उचलून, पालकांच्या हाकेच्या टप्प्यात, जवळच्या सावलीत ठेवावे.

साळुंकी व चिमणी यांचे तसे नाही. त्यांचे पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडले असल्यास ते घरट्यात परत ठेवावे. माणसाचा स्पर्श झाल्याने आई त्याला टाकते, ही समजूत निराधार आहे. पिसे फुटलेले व उड्या मारणारे पिल्लू उडण्यास शिकत असते; कुत्र्या-मांजरांपासून दूर, जवळच्या झुडपात ठेवणे पुरे. चोचीत पाणी वा दूध घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. जखमी पक्ष्याबाबत वन विभागास कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे व घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे.

कीडनियंत्रणाच्या दृष्टीनेही हा तुकडा राखणे महागात पडत नाही. टिटवीच्या आहारात भुंगेरे, अळ्या व मुंग्या असतात. धान्य खाणारी चिमणीदेखील पिल्लांना प्रामुख्याने कीटकच भरवते. उन्हाळी नांगरटीने उघड्या पडलेल्या अळ्या व कोष वेचण्यास साळुंक्या आणि बगळे फाळामागे येतात. घरट्यालगत कीटकनाशकाची फवारणी अटळ असल्यास पिल्ले बाहेर पडेपर्यंत तेवढी कड वगळावी.