पाण्याचे दर : पायऱ्यांचे गणित

घरातले विजेचे बिल काढून पाहा. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून अधिक आणि पुढे आणखी अधिक, असे त्यात दिसेल. जिन्याच्या पायऱ्यांसारखे हे दर चढत जातात. नळाच्या पाण्यालाही असेच चढते दर लावले तर? प्रश्न सोपा वाटतो. आपण तो गणिताने तपासून पाहू.

पुणे शहराचे बहुतेक पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. चारही धरणे भरली म्हणजे सुमारे २९ टीएमसी, अर्थात २९ अब्ज घनफूट पाणी साठते. दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीलाही कालव्याने यातूनच पाणी जाते. तेव्हा शहरात पाणी जपून वापरले जाणे हे तिकडच्या शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.

पुण्यात घरगुती पाणीपट्टी मात्र वर्षानुवर्षे मिळकतीच्या करपात्र मूल्यावरून आकारली जात आली. त्यामुळे बादलीभर पाण्यात गाडी पुसणारा आणि तासभर पाइप सोडून ती धुणारा, या दोघांची घरे सारखी असतील तर पट्टीही सारखीच! समान पाणीपुरवठा योजनेत नळजोडांना मीटर बसवण्याचे काम हाती घेतले गेले. मीटरने पाणी मोजता येते. पण दर कसा लावायचा, हे मीटर सांगत नाही.

आता आकडेमोड करू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असे सामान्यतः धरतात. ३० दिवसांचे झाले ४,०५० लिटर. १,००० लिटर म्हणजे १ घनमीटर. त्याला आपण १ युनिट म्हणू. म्हणजे माणशी महिना सुमारे ४ युनिटे आणि पाच माणसांच्या घराला २०. समजा, पहिल्या २० युनिटांना ८ रुपये, पुढच्या १० युनिटांना १६ रुपये आणि ३० च्या वर ३२ रुपये असा दर ठेवला. (हे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. २१ वे युनिट वापरले म्हणून आधीची २० महाग होत नाहीत; वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

आता दोन घरे घ्या. पहिल्या घरात माणसे दोन, वापर २० युनिटे. बिल १६० रुपये. दुसऱ्या घरात आजी-आजोबांसह माणसे आठ, वापर ३२ युनिटे. बिल १६० + १६० + ६४ = ३८४ रुपये. पहिल्या घराला युनिट ८ रुपयांना पडले, दुसऱ्याला १२ रुपयांना. पण माणशी वापर काढा. पहिल्या घरात रोज सुमारे ३३३ लिटर, दुसऱ्यात अवघे १३३! काटकसर करणाऱ्या घरालाच दंड झाला. असे का झाले? मीटर पाणी मोजतो, माणसे मोजत नाही.

पायरीची लांबी माणसांप्रमाणे ठेवून पाहू. माणशी पहिली ४ युनिटे ८ रुपयांनी, पुढची २ युनिटे १६ रुपयांनी, त्यावर ३२ रुपयांनी. आठ माणसांच्या घराची ३२ युनिटे पहिल्याच पायरीत बसतात. बिल २५६ रुपये. दोन माणसांच्या घराचे बिल ६४ + ६४ + २५६ = ३८४ रुपये. दर तेच, पण न्याय उलटला. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रदेशात २०१६ पासून अशीच रीत आहे. तेथे घरामागे वर्षाला ३० घनमीटर, अधिक माणशी ३० घनमीटर पाणी मूळ दराने मिळते. त्यापुढे दर दुप्पट होतो.

यातही अडचण आहेच. घरात माणसे किती, हे कोण मोजणार? भाडेकरू बदलतात, मुले शिकायला बाहेरगावी जातात. शिवाय पुण्यात कित्येक सोसायट्यांत सर्व घरांना मिळून एकच नळजोड असतो. ४० घरांनी प्रत्येकी १५ युनिटे वापरली, तर मीटरवर ६०० दिसतील. तो एकाच घराचा वापर मानला, तर बिल १८,५६० रुपये, म्हणजे घरामागे ४६४. प्रत्येक घराला वेगळा मीटर असता, तर १२० रुपयेच आले असते. म्हणून अशा ठिकाणी पायरीची लांबी घरांच्या संख्येने गुणलीच पाहिजे.

आता तुम्ही एक प्रयोग करा. आठवडाभर घरात रोज किती बादल्या पाणी लागते ते टिपून ठेवा. बादली किती लिटरची आहे ते आधी मोजून घ्या. टाकीचे व संडासातले पाणी विसरू नका. माणशी आकडा काढून वर्गातील मित्रांच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग शिक्षकांच्या मदतीने सर्व वर्गासाठी दराच्या पायऱ्या ठरवा. मात्र एक अट पाळा : कोणत्या पायरीवर कोणाचे घर येते, हे पायऱ्या ठरवून झाल्यावरच उघड करायचे!