बिनचौकटीच्या मत्स्यपेटीस घडवंचीचा आधार

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० सालीं सुरू झाली व तींत शोभिवंत मासळीच्या संगोपनासहि स्थान मिळालें. ज्यांच्याजवळ विहिरीचें पाणी व गोठ्यालगत एखादी रिकामी पडवी आहे, त्यांस गप्पी, मोली, गोल्डफिश असे मासे वाढवून विकण्याचा जोडधंदा जमण्यासारखा आहे. पिलें सिमेंटच्या हौदांत वाढतात. परंतु गिऱ्हाइकास मासा दाखवावयाचा तर काचेची पेटी हवीच. त्यासाठीं अलीकडे बिनचौकटीची पेटी पुष्कळ जण पसंत करतात. ती दिसावयास सुबक खरी; मात्र जुन्या पेटीची घडवंची जशीच्या तशी तिच्याखालीं घालणें धोक्याचें आहे, आणि विकणारा हें सांगतोच असें नाहीं.

दोन्ही पेट्यांतील भेद प्रथम नीट समजून घ्यावा. चौकटीच्या पेटीस वर व खालीं प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची किनार असते. खालच्या किनारीमुळें तळाची काच घडवंचीपासून कांहीं मिलिमीटर अधांतरी राहते व सारा भार चारहि कडांवरून खालीं उतरतो. म्हणून अशा पेटीस लोखंडी अँगलची नुसती चौकट पुरते; मध्यें फळी नसली तरी चालतें. बिनचौकटीच्या पेटीची तळाची काच प्रत्यक्ष घडवंचीवर टेकते, व तिला सर्व पृष्ठभागावर सारखा आधार लागतो. वरची कड बांधून धरणारी किनारहि तिला नसल्यामुळें उभ्या काचा केवळ सिलिकॉनच्या सांध्यांनीं एकमेकींस धरून असतात. घडवंचीस पीळ असेल तर तो थेट ह्या सांध्यांवर येतो.

भार किती याचा हिशेब सोपा आहे. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशा पेटींत कांठोकांठ २४३ लिटर पाणी मावतें, म्हणजे पाण्याचेंच वजन २४३ किलो. १० मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरास २५ किलो भरते. त्या मानानें पेटीची काच सुमारें ५० किलो होते. वाळू व दगड धरले कीं एकूण भार तीन क्विंटलांवर जातो. पन्नास किलोचीं सहा पोतीं एका बाकावर रचण्यासारखेंच हें आहे. शिवाय हेंच पाणी प्रत्येक लांब काचेस सुमारें १२० किलोच्या जोरानें बाहेर रेटीत असतें.

काच दाब पुष्कळ सोसते, ताण व वांक मात्र सोसत नाहीं. तळाखालीं हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी त्या जागीं काच वर उचलली जाते, भोंवतालचा भार तिला खालीं दाबतो, आणि वरच्या अंगास ताण पडून तडा जातो. आमच्या शेजारगांवीं एका बागाईतदारानें अशी पेटी जुन्या अँगलच्या घडवंचीवर दोन आडव्या पट्ट्या टाकून ठेविली होती. दोन महिने ती बिनतक्रार राहिली. मग एका रात्रीं तळ आडवा फुटला. सकाळीं सर्व मासे फरशीवर मेलेले, व खालच्या खणांतील विजेचीं उपकरणें पाण्यांत. पट्ट्या मोजून पाहतां एक दुसरीहून दोन मिलिमीटर उंच निघाली. विक्रेत्यानें दोष काचेवर ढकलला, तो मला पटला नाहीं. पेटी भरल्याबरोबर फुटली नाहीं म्हणजे आधार ठीक आहे, असा निष्कर्ष काढूं नये. ताणाखालीं राहिलेली काच पुष्कळ दिवसांनीं अल्पशा धक्क्यानेंहि जाते.

यास्तव घडवंचीच्या चौकटीस मधून निदान दोन आडवे दांडे जोडून घ्यावे, ते कडांशीं एका पातळींत असावे, व त्यांवर पेटीच्या तळाएवढी अखंड फळी बसवावी. १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचें जलरोधक प्लायवुड यास उत्तम. भुशाची दाबलेली फळी स्वस्त मिळते, पण पाणी लागतांच ती फुगते. ह्या कामीं ती मुळींच घेऊं नये.

आतां परीक्षा. पृष्ठभाग सपाट असणें आणि पाणसळीस लागणें हे दोन निरनिराळे गुण आहेत. फळी एका अंगास किंचित् उतरती असून सपाट असेल तर पेटीस फारसा धोका नाहीं. परंतु चारहि कोपरे पाणसळीस लागून मध्यें खळगा असेल तर धोका आहे. पाणसळ एकटी हें दाखवीत नाहीं. रंधलेली सरळ पट्टी फळीवर लांबीनें, रुंदीनें व कर्णांवर धरून खालून उजेड दिसतो का तें पाहावें. पिळासाठीं सुतारांची जुनी युक्ति आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे चार ठोकळे ठेवून त्यांवरून दोन दोरे कर्णांनीं ताणावे. मध्यें दोरे एकमेकांस निसटते टेकले तर पीळ नाहीं. नंतर वरचा दोरा खालीं घेऊन पुन्हा पाहावें, कारण पहिल्या खेपेस एक दोरा दुसऱ्यास दाबीत असला तर दोष झांकला जातो. मोजणीदार कागद पसरण्यापूर्वीं आपला फळा जितक्या कसोशीनें लावतो, तितकी कसोशी येथें हवी.

फळी व पेटी यांमध्यें दहा-बारा मिलिमीटरचें थर्मोकोल किंवा फोमची चटई अंथरावी. बारीक कण व लाकडाचा खडबडीतपणा ती पोटांत घेते. वांकड्या घडवंचीवर मात्र ती औषध नव्हे. मिलिमीटरहून अधिक फट दिसली तर फळीच दुरुस्त करावी. कित्येक पेट्यांस कारखान्यांतच चटई चिकटविलेली येते, तेथें दुसरी घालूं नये. चौकटीच्या पेटीखालीं तर ती घालूंच नये, कारण किनार चटईंत रुतते आणि मधली चटई अधांतरी काचेस खालून रेटूं लागते.

जमिनीचा विचार शेवटीं येतो, पण तो कमी महत्त्वाचा नाहीं. सारवलेल्या भुईवर पाय खचतात, तेहि सारखे नव्हे. प्रत्येक पायाखालीं, किंवा त्याहून बरें म्हणजे सबंध घडवंचीखालीं, चांगली ठोकून बसविलेली फरशी असावी. उंचसखलपणा काढण्यास पाचर मारावयाची ती पायाखालीं. पेटी व फळी यांमध्यें पुठ्ठ्याचा तुकडासुद्धां सारूं नये.

पाणी एकदम भरूं नये. चौथाई भरल्यावर थांबून चारहि कोपऱ्यांत पेटीच्या तळापासून पाण्याच्या रेषेपर्यंत अंतर मोजावें. लांबींत तीन मिलिमीटरांहून अधिक फरक आला तर पाणी काढून पाय दुरुस्त करावे. भरलेली, किंवा अर्धी भरलेलीहि, पेटी सरकवूं अथवा उचलूं नये. पूर्ण भरल्यावर आठ दिवस वाट पाहून मगच मासे सोडावे, व त्या काळांत रोज सकाळीं कोरडें बोट खालच्या सांध्यांवरून फिरवावें. ओल लागली तर आधीं विजेचीं उपकरणें बंद करावीं, मग नळीनें पाणी उतरवावें.