पारख एका पेशीची

मुलगी जीवशास्त्राची पदवी घेऊन पुढे भ्रूणविज्ञान शिकू इच्छिते, आणि तिच्या भावी कामात पुरुषबीजाची तपासणी, धुलाई व निवड यांचा अंतर्भाव होतो, असे समजल्यावर पुष्कळ सुशिक्षित घरांत जी अवघडलेली शांतता पसरते, तिचे मूळ त्या व्यवसायाविषयीच्या अज्ञानात जितके असते तितकेच 'उद्या सोयरिकीच्या बैठकीत सांगायचे काय' या चिंतेतही असते. ही चिंता अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या विषयाचा उच्चार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दाराआड झाला, तो पोटच्या मुलीने चरितार्थाचे साधन म्हणून पत्करावा, हे पचनी पडावयास अवधी लागणारच. परंतु आईबापांनी स्वतःस विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तासन् तास सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून हात स्थिर राखण्याची चिकाटी मुलात आहे काय, आणि एखादी गोष्ट सिद्ध झालेली नसेल तर समोरच्या आशाळभूत दांपत्यास तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य त्याला येईल काय, हा तो प्रश्न होय.

वैद्यकीय प्रवेशाची संधी हुकली म्हणून खिन्न झालेल्या घरांनी या शास्त्राचा इतिहास अवश्य चाळावा. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडातील ओल्डहॅम येथे शरीराबाहेरील फलनातून पहिले मूल जन्मले, तेव्हा शस्त्रक्रियेची बाजू पॅट्रिक स्टेप्टो या डॉक्टरांनी सांभाळली असली, तरी प्रयोगशाळेतला रॉबर्ट एडवर्ड्स वैद्यकाचा पदवीधर नव्हता, आणि त्याची सहकारी जीन पर्डी तर परिचारिकेचे शिक्षण घेऊन आलेली होती. 1986 च्या ऑगस्टात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात इंदिरा हिंदुजा या डॉक्टरांच्या हातून अशाच फलनाला जे यश आले, त्यातही परळच्या प्रजननविषयक संशोधनसंस्थेचे टी. सी. आनंदकुमार हे शास्त्रज्ञ बरोबरीचे भागीदार होते. याच आनंदकुमारांनी पुढे कलकत्त्याच्या सुभाष मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे तपासली आणि 1978 च्या ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याआधी आठ वर्षे, मुखोपाध्यायांनी हे साधले होते, असे 1997 मध्ये जाहीररीत्या मांडले. हयातीत ज्यांची सरकारदरबारी अवहेलनाच झाली आणि 1981 मध्ये ज्यांनी आत्महत्या केली, त्या माणसाला अग्रमान मिळाला तो जपून ठेवलेल्या नोंदींमुळे, आणि स्वतःच्या लौकिकाला कात्री लागत असतानाही त्या नोंदी प्रामाणिकपणे वाचणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यामुळे. या व्यवसायात शिरू पाहणाऱ्याने कोणाला आदर्श मानावे असे मला कोणी विचारले, तर मी आनंदकुमारांचे नाव सांगेन.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वीर्याचा नमुना आला की तो 37 अंशांवर ठेवून पातळ होऊ द्यावयाचा, मग शुक्राणूंची संख्या, हालचाल व आकार यांची नोंद करावयाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा म्हणून दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू हा आकडा दिला आहे, आणि आकाराच्या बाबतीत तर शंभरात चारच निर्दोष असले तरी चालते, म्हणजे निसर्ग स्वतःच किती ढोबळपणे माल पुरवितो याचा अंदाज यावा. त्यानंतर निवडीचा आरंभ होतो. एक तर नमुन्यावर पोषक द्रव ठेवून जे पोहून वर येतील तेवढे उचलावयाचे, किंवा कमी-अधिक घनतेच्या द्रवांच्या थरांतून नमुना यंत्रात गरगर फिरवून तळाशी उतरलेले घ्यावयाचे. दोन्ही रीती जुन्या, स्वस्त आणि आजही उपयोगी आहेत.

1992 साली ब्रुसेल्समधून 'इक्सी' या पद्धतीचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि निवडीचे सारे ओझे माणसाच्या हातावर येऊन पडले. अनेक शुक्राणूंनी बीजांडाला वेढा घालून त्यांतला एक आत शिरावा ही नैसर्गिक तऱ्हा येथे नाही. येथे तंत्रज्ञच एक निवडतो. तेलाखाली ठेवलेल्या दाट द्रवाच्या थेंबात शुक्राणू मंदावतात. त्यांतील एकाची शेपटी काचेच्या सुईने तळाशी दाबून मोडावयाची, त्याला शेपटीकडून सुईत ओढावयाचे, बीजांड दुसऱ्या नळीने अलगद धरून त्याच्या कडेचा चिमुकला ध्रुवपिंड घड्याळातील सहाच्या किंवा बाराच्या जागी आणावयाचा आणि तीनच्या जागेतून आत शिरावयाचे, म्हणजे बीजांडातील नाजूक यंत्रणेस धक्का लागत नाही. शुक्राणूचे डोके जेमतेम पाच मायक्रोमीटर लांबीचे असते. हा हात पुस्तक वाचून बसत नाही. तो बसण्यास वर्षे जातात, आणि काहींचा मुळीच बसत नाही, हेही पालकांनी गृहीत धरावे.

एकच निवडावयाचा, तर तो कोणता, या प्रश्नाभोवती गेल्या दोन-तीन दशकांत मोठा बाजार उभा राहिला आहे. बीजांडाभोवती आढळणाऱ्या हायलुरोनन या द्रव्यास चिकटणारा शुक्राणू पक्व समजून तोच उचलणे, सहा हजारपटींहून अधिक मोठा करून त्याच्या डोक्यातील पोकळ्या न्याहाळणे, मरणोन्मुख पेशींना चुंबकीय कण जोडून त्या बाजूला काढणे, केसासारख्या सूक्ष्म वाटा असलेल्या चकतीतून शुक्राणूंना पोहावयास लावणे, आणि आता संगणकाकडून चाल व घडण मोजविणे, अशी ही युक्त्यांची मालिका आहे. प्रत्येकीमागे तर्क आहे. पुरावा मात्र तितका भक्कम नाही. हायलुरोनन-पद्धतीची ब्रिटनमध्ये 2,772 जोडप्यांवर रीतसर कसोटी झाली आणि 2019 मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापला, तेव्हा जिवंत मूल जन्मण्याच्या प्रमाणात लक्षणीय वाढ दिसून आली नाही. गर्भपात मात्र कमी झालेले आढळले. असे असता रुग्णाच्या बिलात अशी जादा कलमे चढविणे कोठवर रास्त, हा प्रश्न नव्या तंत्रज्ञासमोर नोकरीच्या पहिल्याच वर्षी उभा राहू शकतो. मालकाची मर्जी आणि शास्त्राची साक्ष यांत अंतर पडले की कोणती बाजू घ्यावयाची, ते मुलाने आधीच ठरविलेले बरे.

'निवड' म्हटली की आपल्याकडे आणखी एका, लिंगनिवडीच्या, संशयास जागा आहे. एक्स गुणसूत्र वाहणाऱ्या शुक्राणूत वाय वाहणाऱ्यापेक्षा सुमारे 2.8 टक्के डी.एन.ए. अधिक असते, गुरांत हा फरक सुमारे 3.8 टक्के आहे, आणि त्यावरच कालवडी मिळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'सेक्स सॉर्टेड सिमेन'चा व्यवहार चालतो. गोठ्यात जी सोय समजली जाते तीच माणसांच्या दवाखान्यात फौजदारी गुन्हा ठरते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 साली देशात प्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने. 1994 च्या केंद्रीय कायद्यात 2003 मध्ये गर्भधारणेपूर्वीची निवडही आली, आणि सहायक प्रजननाविषयीच्या 2021 च्या अधिनियमानेही तिला मनाई केली. तेव्हा 'मुलगाच हवा, काही तजवीज होईल काय' असे हलक्या आवाजात विचारणाऱ्या सधन गृहस्थास बाहेरची वाट दाखविणे, हाही या नोकरीचाच भाग समजावा. पशुवैद्यकाच्या पदवीधरांना मात्र पशुप्रजननाचे क्षेत्र राजरोस खुले आहे. उरुळीकांचनच्या 'बायफ' या संस्थेने गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचे काम खेडोपाडी नेले, तोही याच शास्त्राचा एक प्रांत होय.

शिक्षणाविषयी सल्ला एवढाच, की आठवड्या-दोन आठवड्यांच्या प्रमाणपत्रांवर विसंबू नये. 2021 च्या अधिनियमाखालील नियमांनी भ्रूणतज्ज्ञाची अर्हता ठरवून दिली आहे. तिचा सोपा मार्ग म्हणजे जीवशास्त्रातील पदवीनंतर क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी, आणि त्यापुढे प्रयोगशाळेत काढलेली उमेदवारीची वर्षे. मणिपालसारख्या ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. संशोधनाची ओढ असणाऱ्यास परळची संस्था जवळ आहे. आरंभीचा पगार बेताचाच असतो. सुट्टीचा तर भरवसाच नाही, कारण बीजांडे पक्व करणारे इंजेक्शन दिल्यापासून सुमारे 36 तासांनी बीजांडे काढावी लागतात आणि इक्सीनंतर 16 ते 18 तासांनी फलन झाले की नाही ते पाहावे लागते, मग तो दिवस रविवार असो वा लक्ष्मीपूजनाचा. अत्तर लावून आत जाण्याची मुभा नाही. प्रत्येक नळीवरील नाव दोघांनी वाचून सही केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकावयाचे नाही, कारण तेथील अदलाबदल कोणत्याही खुलाशाने भरून निघत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेच्या इमारतीची व वातानुकूलनाची स्तुती ऐकत बसू नये. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष सूक्ष्म सुया हाताळावयास किती मिळतात की तो केवळ पाठीमागे उभा राहून पाहतो, आरंभीचा सराव टाकून द्यावयाच्या बीजांडांवर करवून घेतात काय, आणि मागील दोन तुकड्यांतील मुले आज कोठे रुजू आहेत, एवढी चौकशी करावी. उत्तरे लेखी मिळाली तर घ्यावी, आणि ती देण्यास टाळाटाळ झाली तर फी भरण्याची घाई करू नये.