नाव : वारसा आणि हाक



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात नावावरून झालेल्या एका वादाची हकिकत आहे. एलिझाबेथला उतारवयात मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंतेसाठी शेजारी व नातलग जमले आणि बाळाचे नाव बापावरून जखऱ्या ठेवायचे, असे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकले. आईने नकार दिला व योहान हे नाव सांगितले. त्यावर या नावाचे तुमच्या नात्यात कुणीच नाही, अशी हरकत निघाली. मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले, तेव्हा कुठे वाद मिटला.

नातलगांची हरकत खोडसाळपणाची नव्हती. घराण्यातील नाव पुढे चालवणे ही यहुदी लोकांत मोलाची गोष्ट होती आणि आजही आहे. ही परंपरा आपण थोडी समजून घेऊ या.

नाव कसे ठेवतात?

मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेच्या विधीत जाहीर होते. प्रभू येशूचे नावही त्याच दिवशी ठेवले गेले (लूक २:२१). मुलीचे नाव बहुधा सभास्थानात, तोरा ग्रंथाच्या वाचनाच्या वेळी जाहीर करतात. या नावाला पित्याचे नाव जोडतात : मुलगा असल्यास ‘बेन’ म्हणजे पुत्र, मुलगी असल्यास ‘बात’ म्हणजे कन्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना मात्र आईचे नाव घेण्याची प्रथा आहे. व्यवहारात त्या त्या देशातील नाव चालते. पण तोरावाचनासाठी बोलावताना, विवाहाच्या करारपत्रात आणि कबरीवरील शिळेवर हिब्रू नावच असते.

आदर एक, रीती दोन

जर्मनी, पोलंड, रशिया या भागांतील यहुदी घराणी (अश्केनाझी) मृत आप्ताचे नाव बाळाला देतात. हयात आजोबांचे नाव देणे त्यांना अशुभ वाटते. याउलट १४९२ साली स्पेनमधून हद्दपार झालेल्यांचे वंशज (सेफार्दी) हयात आजी-आजोबांचे नाव आवर्जून देतात. पहिल्या मुलाला पुष्कळदा बापाच्या वडिलांचे. एका घरात जो अपशकुन, तोच दुसऱ्या घरात सन्मान! दोघांचा हेतू मात्र एकच : वडीलधाऱ्यांचे स्मरण राहावे. रीत बदलू शकते, ऋण बदलत नाही.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी तर नावे मराठी मातीत रुजवली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ साली उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे ‘सामाजी हसाजी दिवेकर’ म्हणूनही ओळखले जात. बोली मराठी झाली, तरी शमुवेल व यहेज्केल हे संदेष्टे त्या नावात जिवंत राहिले.

नाव हिरावले जाते तेव्हा

नाझी सरकारने ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम काढला. ज्या यहुद्यांची नावे सरकारी यादीत नव्हती, त्यांना १९३९ पासून पुरुषांनी ‘इस्राएल’ व स्त्रियांनी ‘सारा’ हे जादा नाव लावण्याची सक्ती झाली. पूर्वजांची पवित्र नावे अपमानाचा शिक्का म्हणून वापरली गेली. पुढे आउशवित्झच्या छावणीत कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदले गेले. जेरुसलेममध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या स्मारकसंस्थेचे नाव ‘याद वाशेम’, म्हणजे ‘स्मारक आणि नाव’, हे यशया ५६:५ वरून घेतले आहे. तेथील एका दालनात बळींची नावे जतन केली जातात. वस्तूला क्रमांक पुरतो. माणसाला हाक मारावी लागते.

ओझे नको, आशीर्वाद हवा

तरीही पवित्र शास्त्र आपल्याला सावध करते. राहेलने प्रसूतीत प्राण सोडताना बाळाला ‘बेनोनी’, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, म्हटले. याकोबाने ते बदलून ‘बेन्यामीन’, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, असे ठेवले (उत्पत्ती ३५:१८). पत्नीवर त्याचे प्रेम कमी नव्हते. पण आपले दुःख लेकराने जन्मभर वाहावे, हे त्याला मान्य नव्हते. योहान या नावाचा अर्थ ‘परमेश्वर कृपाळू आहे’. ते नाव घराण्याकडून आले नाही, देवाकडून आले. मूल आपल्या घराण्याचे असते, पण केवळ घराण्याचे नसते.

आज आपल्या घरांत दोन टोके दिसतात. कुठे आजोबांचेच नाव हवे म्हणून सुनेशी अबोला धरला जातो. कुठे मोबाइलवर अर्थ न पाहता कानाला गोड वाटणारे नाव निवडले जाते. बाळाचे नाव ठेवताना एकमेकांना नावे ठेवण्याची वेळ येते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ८५५ एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. संताचे नाव आपल्याला त्या संताचा आदर्श व आधार देते. आशा, करुणा, आनंद अशी सद्गुणांची मराठी नावेही शोभून दिसतात. निर्णय आईवडिलांचा, आजी-आजोबांनी सल्ला द्यावा, आग्रह धरू नये. आणि आईवडिलांनीही घरातल्या एखाद्या श्रद्धावंत पूर्वजाची आठवण निदान दुसऱ्या नावात जपता येईल का, याचा विचार करावा.

घरी विचारासाठी

१. आपल्या नावाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे का? ते कोणी व का ठेवले?

२. आपल्या नावाच्या संताचा सण कधी असतो? त्या दिवशी आपण मिस्साला जातो का?

३. आपल्या चार आजी-आजोबांची पूर्ण नावे मुलांना सांगता येतात का? येत नसतील, तर आज जेवताना ती सांगा, आणि त्यांच्यासाठी सर्वांनी मिळून एक प्रार्थना करा.