ऊर्जाबचतीची नवी साधने : पारख कशी करावी?

वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, लसींचे शीतकपाट अशा रात्रंदिवस चालणाऱ्या सेवांमुळे विजेचे देयक ही रुग्णालयाच्या खर्चातील न टळणारी बाब आहे. ऊर्जाबचतीची नवी उपकरणे घेताना दात्यांच्या पैशाचा विनियोग होत असतो. म्हणून त्यांची पारख कशी करावी, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला. त्यानुसार 2002 मध्ये केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला व 2006 मध्ये उपकरणांवरील तारांकन सुरू झाले. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) पाहते. राज्यव्यापी कार्यक्रम असंख्य इमारतींच्या सरासरीवर आखावा लागतो. एखाद्या संस्थेने मात्र आपल्या वापराचे तास स्वतः मोजले पाहिजेत.

उदाहरणार्थ, साधा छतपंखा सुमारे 75 वॅट, तर बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅट वीज घेतो. बचत 45 वॅट. वॉर्डातील पंखा रोज 16 तास चालल्यास वर्षाला सुमारे 263 युनिट वाचतात. समजा, युनिटचा दर 9 रुपये व पंख्याची जादा किंमत 1,500 रुपये आहे. तर वर्षाला सुमारे 2,367 रुपये वाचून जादा रक्कम आठ महिन्यांच्या आत वसूल होते. तोच पंखा रोज 2 तास, वर्षातून 300 दिवस चालणाऱ्या सभागृहात बसविल्यास केवळ 27 युनिट वाचतात आणि वसुलीला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. उपकरण एकच, निर्णय मात्र भिन्न. शिवाय जुना पंखा सुस्थितीत असेल, तर हिशेबात फरक नव्हे, पूर्ण किंमत धरावी.

या हिशेबाला आणखी तीन कसोट्या जोडणे अगत्याचे आहे.

1. खारी हवा : रायगडच्या किनाऱ्यावर वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागाची गुंडाळी व पत्रा लवकर गंजतो. गंजलेली गुंडाळी उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि यंत्र अधिक वीज ओढते. म्हणून तारांकनाबरोबरच गंजरोधक लेप, सुटे भाग व स्थानिक दुरुस्तीची सोय पाहावी.

2. आपत्ती : 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले व अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीजभार जितका कमी, तितका जनित्राचा डिझेलसाठा अधिक काळ पुरतो. हा लाभ देयकात दिसत नाही, पण रुग्णाच्या दृष्टीने तोच मोठा.

3. रुग्णसुरक्षा : शस्त्रक्रियागृहातील हवा बदलण्याचे प्रमाण किंवा लसींचे तापमान यांत बचतीसाठी तडजोड करता येत नाही.

खरेदीपूर्वी एकाच वॉर्डात प्रयोग करावा, महिनाभर आधी व महिनाभर नंतर मीटरची नोंद घ्यावी, आणि ऋतुमान व रुग्णसंख्या यांतील फरकही त्या नोंदीत लिहावा. असे आकडे हाती असले की विश्वस्त मंडळाचा निर्णय विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, नोंदवहीवर उभा राहतो. वाचलेला प्रत्येक रुपया गरजू रुग्णाच्या औषधोपचारास उपयोगी पडतो, ही जाणीव ठेवूनच हा हिशेब मांडला पाहिजे.